कोरी बाजू

बेरिकच्या दफ्तरखान्यात हीटर दोन वाजता बंद करतात.
मग मी शाल गुंडाळून बसते
आणि ऑगस्टिन रिडपाथ, पार्लमेंटचे सभासद,
बायकोला लिहायला घेतात.

तीनशे बारा पत्रं. चहाच्या खोक्यात सापडली,
तळाशी उंदरांचं बाळंतपण झालेलं.
अक्षर मोडीसारखं, हात न उचलता धावणारं,
पान संपत आलं की कागद फिरवून
आडव्यावर उभं.
चाळणीतून पाहावा तसा पाहते मी त्यांचा संसार.

पत्रास कारण की, सर्दी हटत नाही.
पत्रास कारण की, मोजे पाच मिळाले, सहावा कुठे?
पत्रास कारण की, काल बोलायला उभा राहिलो,
सभापतींची नजर दुसऱ्याच कुणावर पडली,
खाली बसलो.
भाषण खिशात आहे. घरी आलो की तुला वाचून दाखवीन.

तिची पत्रं नाहीत. एकही नाही.
लंडनच्या भाड्याच्या खोलीत
शेगडी पेटवायला लागली असतील, कोण सांगणार.
ती उरलीय ती फक्त त्यांच्या उत्तरांत:
गटाराचं तू म्हणतेस ते बरोबर.
त्या घोड्याबद्दल माझं चुकलं.
एवढ्यातेवढ्यावरून रडू नये.

एवढंतेवढं म्हणजे काय होतं, थॉमसिना?
पुढे नुसतं हवामान आहे.

गेल्या मंगळवारी लक्षात आलं
की चौथं पान ते नेहमी कोरं सोडतात
आणि ते कोरं नाही.
फिकट शिसपेन्सिल. खिडकीशी तिरपं धरलं तर दिसते.
अंडी चार डझन, विकली.
मेणबत्त्या.
गवंड्याचे राहिले, पुढल्या शनिवारी.
कागद महाग, आणि साहेबांनी अर्धा वाया घालवलेला.
मी धावत जाऊन त्या रडण्याच्या आठवड्याचं पत्र काढलं.
मागचं पान नाही.
कात्रीनं सरळ कापून घेतलेलं.

मग सत्त्याहत्तर सालचा जून.
आज हिंदुस्थानचा दिवस, ते लिहितात,
सभागृहात आम्ही चौदा, त्यातले चार झोपलेले.
दुष्काळाचे आकडे फार. लवकर उठून जेवायला गेलो.
मटण चिवट होतं.

दोनदा वाचलं.
मग नियमाप्रमाणे विषयसूचीत नोंद केली:
जेवण. हिंदुस्थान.

पत्र उलटलं.

शोलापोर. कुठे आहे? नकाशा काढणे.
अंड्यांच्या पैशातून अर्धा क्राउन, पाद्रीबाबांकडे.
ऑ.ला सांगू नये.

माझं गाव.
गोऱ्यांच्या वळणानं लिहिलेलं, खाली दोनदा रेघ मारलेलं,
जणू नाव ऐकताना तिला नीट ऐकू आलं नव्हतं.
आमची वंशावळ त्याच सालाशी अडखळते.
पाच भाऊ येतात तिथवर.
पुढे एक जातो.
अर्धा क्राउन पोचला का, ठाऊक नाही.
मध्ये समुद्र होता, कमिट्या होत्या, कारकून होते.
मला वाटत नाही पोचला.

संध्याकाळी पुलावरून घरी जाताना
खाली ट्वीडला भरती आली होती, राजहंस उलटे पोहत होते,
आणि मी बोटांवर मोजत होते:
शिलिंगला डझन धरली
तर अडीच शिलिंगांची तीस अंडी.
तीस अंडी म्हणजे थंडीच्या किती सकाळी
खुराड्यात हात घालायचा.

आज सकाळी जुनं सूचिपत्र पाहिलं.
माझ्या आधी कुणी, एकसष्ट साली,
सगळ्या तीनशे बारांपुढे एकच लिहून ठेवलंय,
सुबक, ठाम अक्षरात:
मागील बाजू कोरी.

ऑ.ला सांगू नये, म्हणतेस.
बाई, त्यांना मी नाही सांगत.
पण रकाना मोठा आहे,
आणि हीटर बंद व्हायला अजून तासभर आहे.